जखमी कुत्री उचलून आणली आहे. बरी झाल्यावर ठेवायची की सोडायची?

अनुजा_वडगाव

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

परवा रात्री आमच्या सोसायटीच्या गेटसमोर एका टेम्पोने गल्लीतल्या कुत्रीला उडवलं. टेम्पोवाला थांबला नाही. ती केकाटत, फरफटत गटाराच्या कडेला जाऊन पडली. मागचा डावा पाय मांडीपासून नुसता लोंबत होता. सिक्युरिटीवाले काका आणि मी तिला चादरीत घालून रिक्षाने दवाखान्यात नेलं. रिक्षावाल्याने सीटवर रक्त सांडूनही मीटरपेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही, हे मुद्दाम लिहितेय. उचलताना काकांच्या अंगठ्याला तिचा दात लागला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ड्रेसिंग आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालं.

एक्स-रेत मांडीचं हाड मोडलेलं दिसतंय, तुकडे झालेत. डॉक्टर म्हणाले प्लेट बसवता येईल, खर्च पस्तीस-चाळीस हजार, आणि पुढे दीड-दोन महिने पिंजऱ्यात विश्रांती. नाहीतर पाय काढायचा. पण रक्त तपासलं तर गोचीड ताप निघाला, प्लेटलेट्स कमी, त्यामुळे दोन्हीपैकी काहीही लगेच करता येणार नाही. सध्या गोळ्या चालू आहेत आणि बाई आमच्या बाल्कनीत आहेत.

माझा प्रश्न पुढचा आहे. नवऱ्याचं म्हणणं, बरी करायची आणि होती तिथे सोडायची. मुलगी चौथीत आहे, तिने नाव ठेवून टाकलंय: ठमी. सासूबाई वाईच्या. "घरात देव आहेत" एवढंच म्हणून गप्प बसल्यात. फ्लॅट टू बीएचके, चौथा मजला, आम्ही दोघंही नोकरीवर. तुमच्यापैकी कुणी अशी मोठी झालेली गावठी कुत्री घरात आणली आहे का? कशी रुळली?

खूरखबर

पशुवैद्य आहे. कुत्रीचं नंतर बोलू.

काकांच्या अंगठ्यातून रक्त आलं होतं का? आलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन पुरेसं नाही. आत्ता, हा धागा बंद करून, त्यांना सरकारी रुग्णालयात घेऊन जा. रेबीजची लस आणि जखमेत टोचायचं सीरम, दोन्ही. जखम साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवायची असते, ते तेव्हा झालं नसेल तरी आता धुवा. कुत्री दहा दिवस ठणठणीत राहिली तर पुढचे डोस थांबवायचे की नाही ते तिथले डॉक्टर सांगतील, पण दहा दिवस वाट बघून मग लस सुरू करायची नसते. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस हाती लागत नाही.

टवाळ_बंड्या

ठमी हे नाव वाचूनच मी मत दिलं आहे. ठेवा.

हणमंत_मिरज

ताई, आमच्याकडं मळ्यात तीन हाईत, तिन्ही रस्त्यावरचीच. एकाचा पाय उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. सरकारी दवाखान्यातल्या साहेबांनी पुढचाच पाय काढला. आज ते कुत्रं बांधावरनं मुंगसामागं पळतंय. पाय नाही हे त्याला कुणी सांगितलंच नाही म्हणायचं. पण मळा वेगळा आन चौथा मजला वेगळा. लिफ्ट हाय का?

अनुजा_वडगाव

@खूरखबर, रक्त आलं होतं. काकांना आत्ता घेऊन जातेय.

नीरजा_ठाणे

बरं झालं कुणीतरी काकांबद्दल विचारलं. अशा धाग्यांत कुत्र्याचे फोटो येतात, उचलणाऱ्याचं कौतुक होतं आणि हातभार लावणाऱ्या वॉचमनचं कुणालाच काही नसतं. लशीसाठी ठरलेल्या तारखांना त्यांना ड्युटीतून सोडायला सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगा. नाहीतर तिसऱ्या डोसानंतर माणूस जात नाही, खाडा पडतो म्हणून.

खडूस_सदाशिव

एक साधा प्रश्न. पस्तीस हजार एका कुत्रीवर? गल्लीत अजून पंधरा असतील. त्यांचं काय?

गुळांबा

@खडूस_सदाशिव, पंधरांचं करता येत नाही म्हणून एकीचंही करू नये, असा नियम आहे होय? मग आपण सिग्नलवर कुणाला दहा रुपये देतो तेव्हाही हाच हिशेब मांडता का?

खडूस_सदाशिव

मी सिग्नलवर दहा रुपये देत नाही.

टवाळ_बंड्या

=)) सरळ उत्तर. मानलं.

रेवदंडा

खडूसकाकांचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. माझ्या भाच्याला गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला चावलं होतं. सहा वर्षांचा पोरगा, सीरम टोचताना दोन नर्सनी धरून ठेवलं होतं. त्या कुत्र्याला रोज पारले-जी घालणाऱ्या बाई आमच्याच बिल्डिंगमधल्या. त्यांनी नंतर एकदाही येऊन विचारलं नाही. खायला घालणं सोपं असतं हो. अनुजाताईंनी निदान दवाखान्यात नेलं, खर्च करतायत. पण "बरी करून तिथेच सोडणार" हे मला पटत नाही. ज्या कुत्रीला माणसाच्या हातून दुखलं आहे ती उद्या गेटवर कुणा पोराने शेपूट ओढली तर काय करेल?

वकीलीण

कायद्यापुरतं सांगते. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, त्याआधी २००१ चे होते. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, हे त्यात आहे. कानाला छोटी खाच दिसली तर समजा नसबंदी झालेली आहे. खायला घालण्याची जागा ठरवून देणं ही सोसायटीची जबाबदारी आहे, गेटसमोर किंवा मुलं खेळतात तिथे नव्हे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं होतं. २२ ऑगस्टला ते बदललं: लस, नसबंदी आणि परत त्याच भागात, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री उचलून परत तिथे सोडायची नाहीत असाही आदेश आला. म्हणजे ठमी शाळेच्या आवारात राहत असती तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं झालं असतं.

आणि घरात पाळलीत तर सोसायटी "कुत्रं नको" म्हणून ठराव करून तुम्हाला अडवू शकत नाही. लिफ्ट वापरायलाही बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना मात्र काढा.

टवाळ_बंड्या

आणि टेम्पोवाल्याचं काय, वकीलीणबाई?

वकीलीण

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हो, आजही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारणं, लुळं करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यात हेतू सिद्ध करावा लागतो. रात्रीच्या टेम्पोचा हेतू कोण सिद्ध करणार?

खूरखबर

आता कुत्रीबद्दल.

१. गोचीड तापात प्लेटलेट्स पडलेल्या असताना कुणीही शहाणा सर्जन सुरी लावणार नाही, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. गोळ्यांचा कोर्स तीन-चार आठवड्यांचा असतो, कुत्री चौथ्या दिवशी शेपूट हलवायला लागली म्हणून मध्येच सोडू नका. गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते. बाल्कनीच्या फटी, पायपुसणं, गादीच्या शिवणी तपासा, गोचीड तिथे अंडी घालतं.

२. प्लेट की पाय काढणं, हा निर्णय एक्स-रे बघून घेतात तितकाच घर बघूनही घ्यावा लागतो. प्लेट बसवली आणि कुत्रीने तिसऱ्या आठवड्यात सोफ्यावरून उडी मारली की स्क्रू निघतात. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. पिंजरा सहा-आठ आठवडे कोण सांभाळणार? कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे मागचा पाय गेलेलं कुत्रं फार लवकर सावरतं. माणसाला बघवत नाही, पण तिला आरशात बघायचं नसतं.

३. वेदनेसाठी घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, काहीही देऊ नका. दर महिन्याला एक तरी कुत्रं माझ्याकडे याच कारणाने येतं.

४. उरलेल्या सगळ्यांसाठी: रस्त्यावर जखमी कुत्रं दिसलं तर आधी तोंड बांधा. ओढणी, नाडी, गाॅजची पट्टी, काहीही चालतं. नाकावर एक फास, हनुवटीखाली गाठ, कानामागे दुसरी गाठ. दुखणारं कुत्रं रोज भाकरी घालणाऱ्यालाही चावतं, त्यात त्याचा दोष नाही. उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर मात्र तोंड बांधायचं नाही. कण्याला मार वाटला तर फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर सरकवून न्यायचं, कमरेत धरून उचलायचं नाही. आणि हे काम वरचेवर करणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी.

मोगरा_नाशिक

@खूरखबर, हे सगळं वेगळा धागा काढून लिहा ना. इथे शंभर प्रतिसादांखाली गाडलं जाईल.

माझा अनुभव. आमची राणी अशीच, पंचवटीत भाजी मंडईच्या मागे सापडली. मानेत जखम, अळ्या पडलेल्या. वास असा की रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं, शेवटी भाजीच्या हातगाडीवरून नेली. बरी झाली, घरी आणली. पहिला महिनाभर ती पलंगाखालून बाहेर यायची ती फक्त रात्री, सगळे झोपल्यावर. कुकरची शिट्टी झाली की थरथरायची. शी-शूचा त्रास लोक समजतात तेवढा होत नाही, मोठं गावठी कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी खाली नेलं की आठवडाभरात कळतं त्याला. अवघड जातं ते एकटं ठेवणं. तिने दरवाजाची चौकट कुरतडली होती, सागवानी.

खडूस_सदाशिव

सागवानी चौकट सध्या काय भावाने पडते ते लिहा म्हणजे पस्तीस हजारात मिळवता येईल.

मोगरा_नाशिक

=) काका, तुम्ही आमच्याकडे या एकदा. राणी तुम्हाला ओळखून घेईल.

ऱ्हाईनकाठ

इकडे जर्मनीत रस्त्यावर एक कुत्रं दिसणार नाही. निवाऱ्यातून घ्यायचं म्हटलं तर तुमची मुलाखत होते, घर बघायला माणूस येतो, घरमालकाची लेखी परवानगी मागतात. वर नगरपालिका कुत्र्यावर वार्षिक कर घेते. सुरुवातीला हसलो होतो. मग दिसलं की घेतलेलं कुत्रं सहसा कुणी परत आणून सोडत नाही.

अनुजाताई, तुमच्यापैकी कुणाला परदेशी जायचा योग असेल तर आधीच विचार करा. भारतातून युरोपात कुत्रं आणायला मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग किमान तीस दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. ऑफर लेटर आल्यावर हे सुरू करून चालत नाही. माझ्या एका सहकाऱ्याचं कुत्रं पाच महिने इंदूरला त्याच्या मावशीकडे होतं.

टवाळ_बंड्या

मावशीने परत दिलं का?

ऱ्हाईनकाठ

भांडणं झाली. दिलं शेवटी.

वारकरी_पोर

सासूबाईंसाठी: नामदेवांची गोष्ट सांगा. कुत्र्याने भाकरी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. आणि घरात दत्ताची तसबीर असेल तर पायाशी कोण बसलंय ते दाखवा.

गुळांबा

सासूबाई म्हणतील, दत्ताने ती तसबिरीत ठेवलीत, माझ्या सोफ्यावर नाही.

शुभदा_कुलकर्ण्यांची

मी सासूबाईंच्या बाजूने. त्या साठी-सत्तरीच्या असतील. दिवसभर घरात कुत्रीसोबत कोण राहणार आहे? त्याच. अनुजा ऑफिसात, नवरा ऑफिसात, नात शाळेत. कुत्रीने ओकलं तर पुसणार कोण, दुपारी दोनला औषध देणार कोण? "देव आहेत" हे त्यांचं बोलायचं कारण असेल, खरं कारण गुडघे असतील. माझ्या सासूबाई कुत्र्याच्या पट्ट्यात अडकून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यांना प्रसन्न करायच्या गोष्टी शोधण्यापेक्षा त्यांना स्पष्ट विचारा आणि त्या नाही म्हणाल्या तर ते नाही समजा.

नीरजा_ठाणे

+१. या धाग्यावरचा सगळ्यात शहाणा प्रतिसाद.

जुन्नरकर

मळ्यात पाठवा, शेतावर द्या, असा सल्ला अजून कुणी दिला नाही, पण देईल कुणीतरी, म्हणून आधीच सांगतो. आमच्या भागात उसात बिबट्या. अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढलेलं ताट. साखळी तेवढी सकाळी मिळते. तीन पायांची तर पळूही शकणार नाही. रात्री पक्क्या गोठ्यात किंवा पडवीत कोंडून ठेवणारं घर असेल तरच द्या.

हणमंत_मिरज

मी म्हणणारच होतो द्या म्हणून. आमच्याकडं बिबट्या न्हाई अजून. पण पुण्यासनं मिरजेपतूर आणायचं आन नवीन जागेत तिन्हीशी भांडणं. कुत्री कुत्रीला घेत न्हाई सहजी. तरी कुठंच सोय न्हाई झाली तर सांगा, दार उघडं हाय.

पाऊलखुणा

दत्तक द्यायचा प्रयत्न करणार असाल तर एक ऐकून ठेवा. मी हे काम हौसेने बरीच वर्षं करतेय, कुठल्या संस्थेची नाही. पिल्लू असेल, त्यातही पांढरं-तपकिरी असेल तर फोन थांबत नाहीत. काळी, मोठी, मादी आणि त्यात तीन पाय म्हटलं की लोक हळहळून बदामाचं चित्र टाकतात आणि पुढे जातात. त्यामुळे फोटोखाली दयेचा मजकूर लिहू नका. "बिचारी" शब्द नको. लिहा: वय अंदाजे दोन, नसबंदी झालेली, लशी पूर्ण, मुलांबरोबर शांत, रात्री भुंकत नाही. माणूस कुत्रं घ्यायला येतो तेव्हा त्याला आपल्या घरात काय होईल हे जाणून घ्यायचं असतं.

घेणाऱ्याच्या घरी जाऊन या. आजोबा-आजींना विचारा. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा. "फार्महाऊसवर ठेवू" म्हणणाऱ्याला देऊ नका, तिथे माणूस फक्त शनिवारी असतो. पैसे मागू नका, पण नसबंदीच्या आधी कुत्री कुणालाही देऊ नका.

आणि बरी झालेली कुत्री मूळ जागी सोडणं हे नेहमीच दुष्टपणाचं नसतं, याबद्दल रेवदंडा यांच्याशी थोडी असहमत. काही कुत्री खरंच गल्लीची असतात. चौथ्या मजल्यावर ती खिडकीत उभी राहून वाळतात. ठमीला लिफ्टने खाली आणा, गेटजवळ बसवा आणि बघा काय करते.

रेवदंडा

चार पायांची असती तर वाद घातला नसता. तीन पायांवर टेम्पो चुकवायचा आहे तिला, त्याच गेटसमोर.

पाऊलखुणा

हे मान्य.

अनुजा_वडगाव

सगळ्यांचे आभार, रोज वाचत होते, लिहायला जमलं नाही. आता सविस्तर.

काकांना सरकारी रुग्णालयात लस आणि सीरम दोन्ही मिळालं, फुकट. रांगेत आमच्या पुढे चौघं कुत्रं चावलेलीच होती. सेक्रेटरींनी डोसाच्या दिवशी ड्युटी बदलून दिली, एकदा कुरकुर केली, पण दिली. सगळे डोस झाले.

प्लेटलेट्स वर आल्यावर पाय काढला. पिंजऱ्याचं गणित आमच्याकडे बसत नव्हतं, खूरखबर यांनी लिहिलं तेच डॉक्टरही म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गळ्यातला तो प्लास्टिकचा भोंगा भिंतीला आपटत आपटत ती पाण्याच्या भांड्यापर्यंत स्वतः गेली. टाके निघाले, मग नसबंदी झाली.

शुभदाताईंचा प्रतिसाद वाचून सासूबाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "औषधापुरती राहू दे, कायमची नको. मला भीती वाटते." देवाचं नाव काढलं नाही. त्यांचं मत बदललेलं नाही, आणि ते बदलावं असा आमचाही आग्रह नाही.

पाऊलखुणांनी सांगितलं तसं रोज खाली नेत होतो. गेटपाशी गेली की मागे ओढायची, रस्त्याकडे बघायलाही तयार नाही. पण बी विंगच्या तळमजल्यावर एक निवृत्त जोडपं आहे, त्यांच्या खिडकीखाली दोन-तीन कुंड्या आणि फरशीचा तुकडा आहे, तिथे जाऊन पसरायची. काकूंनी आधी पाणी ठेवलं. मग एक दिवस विचारलं, ही कुणाची? दोघंही दिवसभर घरी असतात, जिना नाही. त्या घरातल्या काकांचं पूर्वीचं कुत्रं म्हातारपणाने गेलं त्याला बरीच वर्षं झाली. औषधपाण्याचा खर्च आम्ही करायचा, कन्येने संध्याकाळी फिरवायचं, असं ठरलं. वकीलीणबाई, परवाना काकांच्या नावाने काढला आहे. ठमीचं नाव त्यांनी बदललं नाही.

टवाळ_बंड्या

नाव बदललं असतं तर मी येऊन उपोषणाला बसलो असतो.

खडूस_सदाशिव

एकूण किती झाले?

अनुजा_वडगाव

काका, प्लेटच्या निम्म्याहून कमी. सोसायटीतल्या सहा घरांनी थोडे थोडे दिले. सागवानी चौकट अजून शाबूत आहे.

खडूस_सदाशिव

खाते क्रमांक खरडवहीत टाका. कुणाला सांगू नका.

गुळांबा

जाहीर धाग्यावर "कुणाला सांगू नका"!! :))

अनुजा_वडगाव

आता एक छोटी शंका. फिरवताना गळपट्टा लावला की ती तोल जाऊन डावीकडे कलंडते. पोरगी घाबरते. काय वापरावं?

खूरखबर

गळपट्टा नको. छातीवरून आणि पोटाखालून जाणारा हार्नेस घ्या, पाठीवर धरायला मूठ असलेला. काखेत घासत नाही ना ते पहिले काही दिवस हाताने चाचपून बघा. टाईल्सवर घसरत असेल तर काकूंच्या दारापासून फाटकापर्यंत रबरी मॅट टाका आणि नखं वेळच्या वेळी कापा. वजन वाढू देऊ नका, तीन पायांवर एक-एक किलो भारी पडतो. दूध, बिस्किटं बंद. काकू ऐकणार नाहीत, तरी सांगा.

मोगरा_नाशिक

हार्नेस घेताना तिची छाती मापून जा. राणीसाठी मी अंदाजाने घेतला होता, तो शेजारच्यांच्या लॅब्रेडॉरला गेला.